भादव्यात पास केलेलं पोतं

कौसल्याबाईंनी मला वाचवलं. काय झालं ते पुढे सांगेनच, पण नाव आधी लिहिते. सातवीतून शाळा सुटलेली बाई मी. लिहिता लिहिता धीर कधी सुटेल याचा नेम नाही, आणि पहिल्या ओळीत नाव आलं की मग मागे फिरता येत नाही. सातपूरच्या आमच्या शेडमध्ये त्यांना सगळे कौसाबाई म्हणत. मी मावशी म्हणायची, आणि मावशीला कुणी अहो-जाहो करत नाही, म्हणून इथून पुढे ‘ती’.

कालपासून भादव्याचं ऊन पडलंय. दोन महिने भिजून गप्प पडलेले हेदूचे ओंडके शेडमागे रचलेत, आणि दुपार तापली की ते फुटायला लागतात. लाकूड बाहेरून वाळतं, आत ओलंच असतं. बाहेरचं आक्रसतं, आतलं हटत नाही, आणि मग काडकन ओंडक्याचं तोंड उकलतं. पत्र्यावरचे कावळे उडतात. नवीन पोरी दचकतात आणि दचकल्याबद्दल एकमेकींना हसतात. मला इथे बारावं वर्ष लागलंय, मी अजून दचकते. हसत मात्र नाही. माझ्या कानाला तो आवाज लाकडाचा वाटत नाही, दातांचा वाटतो.

आमच्याकडे खुंट्या होतात. दोन फळ्या खिळ्याशिवाय जोडायच्या तर दोन्हींना भोक पाडून आत सरस लावून लाकडाची गोल खुंटी ठोकतात. दुकानदार तिला डॉवेल म्हणतात. बाक असो, खुर्ची असो, पाळणा असो, बाहेरून काही दिसत नाही, सगळा भार त्या करंगळीएवढ्या खुंटीवर. हातात घेतली तर लहान पोराचं खेळणं वाटावं. पण ती होते कशी ते बघवत नाही. ओंडका मोठ्या करवतीवर चिरायचा, फळ्यांच्या चौकोनी पट्ट्या पाडायच्या, पट्टी मशीनच्या तोंडात घालायची. आत गरगरणारी पाती तिचे चारही कोपरे सोलतात आणि पलीकडून गोल दांडी बाहेर येते, गरम, हळदीसारखी पिवळी, किंचाळत. लाकडात गाठ असेल तर दांडी आतच फुटते आणि तुकडा उलटा सुटतो. शेडच्या दाराच्या पत्र्यात असा एक तुकडा आरपार घुसलेला होता. शेठने तो कधी काढू दिला नाही. नवीन माणसाला पहिल्यांदा तोच दाखवायचा. मग दांड्यांचे तुकडे पाडून डांबराच्या जुन्या पिंपात भरायचे आणि पिंप मोटरवर फिरत ठेवायचं, म्हणजे एकमेकांवर आपटून त्यांच्या धारदार कडा मरतात. दिवसभर ते आपटणं. घरी भाताला उकळी आली तरी मला पिंप ऐकू यायचं.

शेठ इथलाच, वणीकडचा शेतकरी माणूस. शेती भावांवर सोपवून इथे गाळा घेतलेला. उजव्या हाताला तीनच बोटं, बाकीची करवतीने नेलेली. मला कामावर घेताना त्याने नाव-गाव विचारलंच नाही, बोटं किती म्हणून विचारलं. मी दहा म्हणाले.

“दहा घेऊन आलीस, दहाच घेऊन जा,” तो म्हणाला. “जाताना मोजून देईन.”

सगळे हसले. मी डावा हात पदराखाली घेतला. बोटं पाचही होती त्याला, पण तळवा नव्हता म्हटलं तरी चालेल. माझ्या नवऱ्याने तो चुलीत धरला होता. भाकरी करपली म्हणून नाही, काही म्हणूनच नाही. यवतमाळकडचं आमचं गाव, माहेर तिथून चार कोसांवर, आणि वडिलांनी मला दोनदा स्वतः त्या घरी परत नेऊन सोडलेलं. तिसऱ्यांदा मी माहेरची वाट धरलीच नाही. बडनेऱ्याला जी गाडी आली तीत चढले.

गाडी नागपूरहून येत होती. दसरा होऊन गेलेला, आणि डबा पांढऱ्या लुगड्यांनी भरलेला. दीक्षाभूमीवरून परतणाऱ्या बाया. एकीने पाय आखडून मला जागा दिली. ती मावशी. तिने माझ्या हाताला बांधलेली चिंधी बघितली आणि भुसावळ येईपर्यंत एक शब्द विचारला नाही. मग भाकरी पुढे केली, पाण्याचा तांब्या पुढे केला. मी भाकरी घेतली आणि तांब्याकडे बघत थांबले. कुणाच्या घरचं पाणी, हा विचार तशा अवस्थेतही माझ्या मनात आला, हे लिहायला आज लाज वाटते. तिला तो कळला. तिने तांब्या माझ्या मांडीशी ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली, मला चोरून पिता यावं म्हणून. नाशिकरोडला ती उठली आणि जणू आधीच ठरलं होतं तसं म्हणाली, “चल. काम हाय आमच्याकडं.”

एवढ्या भरवशाचं बोलणं मी त्याआधी ऐकलंच नव्हतं.

तिची एकच खोली होती, कामगारांच्या वस्तीत, आणि त्यात ती मला घेऊन राहिली. मुलगी नांदगावला दिलेली, नवरा केव्हाच गेलेला. शेडमध्ये ती माल पास करायची. मापाला लोखंडी फर्मा होता, भोकं पाडलेली पट्टी. खुंटी भोकात अडकत उतरली पाहिजे, सुळकन पडली तर बाद. ते कुणालाही जमेल. पण लाकूड वाळलंय की नाही हे फर्म्याला कळत नाही. बाकीच्या बाया मुठीत धरून ओल ओळखायच्या. माझ्या जळक्या तळव्याला ओल लागायची नाही, उजवा एकटा चुकायचा. तेव्हा मावशीने मला कान दिला. मूठभर खुंट्या शहाबादी फरशीवर सोडायच्या. वाळलेलं हेदू खणखणतं. ओलं असेल तर नुसतं बद् वाजतं, चिखलात पाय पडावा तसं.

आणि एक नियम होता, तो तिने माझ्याकडून शंभरदा म्हणवून घेतला असेल. भादव्यातला माल दोनदा ऐकायचा. उन्हातून आणल्याबरोबर खुंटी खणखणते, पण ते बाहेरचं बोलणं असतं. एक रात्र सावलीत ठेवायची, आतली ओल वर येऊ द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायची. तेव्हा ती खरं बोलते.

आमच्यात निम्म्या बायांना लिहिता येत नव्हतं, म्हणून पोत्यात चिठ्ठी नसायची. प्रत्येकीने आपण पास केलेल्या पोत्यात एक रंगवलेली खुंटी टाकायची. मावशीची निळीत बुडवलेली, माझी कुंकवाच्या पाण्यात. पोतं परत आलं की ओतायचं, रंग शोधायचा, आणि ज्या बाईचा रंग तिने मान खाली घालून शेठपुढे उभं राहायचं. मला माझी पहिली लाल खुंटी पोत्यात टाकताना झालेला आनंद आठवतो. कुंकू लावायचं मी सोडलं होतं. ते इथे कामी आलं.

असं वर्ष फिरून भादवा आला. त्या साली पाऊस गेला तो एकदम गेला, आणि ऊन असं उतरलं की अंगणात पसरलेल्या खुंट्या पायाला चटके देत. कुठल्याशा आश्रमशाळेचे बाक करणाऱ्या एका ठेकेदाराची मोठी ऑर्डर होती आणि त्याचा टेम्पो दाराशी उभा होता. मी माझी पोती भरत होते. दोनदा ऐकायला रात्र हवी होती, म्हणून मी मावशीला सांगून ठेवलं होतं की माझा माल उद्याच्या खेपेला जाईल.

तेवढ्यात फाटकावर दगड आपटल्याचा आवाज आला, आणि माझं नाव.

त्याला पत्ता कुणी दिला मला आजवर कळलं नाही. मी उठेपर्यंत तो आत आला होता. माझे केस त्याच्या मुठीत होते आणि मी अंगणभर पसरलेल्या खुंट्यांवरून ओढली जात होते. त्या गोल, पायाखालून निसटणाऱ्या, माझ्या पाठीखाली दळल्यासारख्या फिरत होत्या. पुरुषमंडळी उभी होती. नवरा-बायकोचं भांडण, मध्ये कोण पडणार? मशीनवरचा माणूस पट्टी हातात धरून तसाच थांबला, आणि ती पट्टी मावशीने त्याच्या हातातून काढून घेतली. तिने पहिला फटका माझ्या नवऱ्याच्या मनगटावर घातला, दुसरा कानावर. तिसऱ्याला पट्टी मोडली. रक्त त्याच्या शर्टावरून पँटीपर्यंत आलं. तो फाटकापर्यंत मागे मागे गेला, शिव्या देत, परत येईन म्हणत. मावशी दम लागून उकिडवी बसली आणि मोडलेली पट्टी न्याहाळत म्हणाली की चांगली निबर पट्टी वाया गेली, दोन डझन खुंट्या निघाल्या असत्या.

शेठ आतून हे सगळं बघत होता. तो वाईट नव्हता, घाबरट होता, आणि मला घाबरटपणाची पारख आहे. नवऱ्याला रस्त्यावर गाठून त्याने पाणी पाजलं आणि त्याचा पत्ता वहीत लिहून घेतला. मग मला बोलावून सांगितलं की पुन्हा तुझ्यापायी एक जरी भानगड झाली, तर मी पंचाईत करत बसणार नाही, कार्ड टाकून त्याला बोलावीन आणि तुला त्याच्या हवाली करीन.

मी माझ्या जागेवर परत आले. मला एकच सुचत होतं: काम दाखवायचं, लवकर दाखवायचं, कुणाला माझ्याकडे बोट करायला जागा ठेवायची नाही. टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी उन्हातल्या खुंट्या मुठीने फरशीवर सोडल्या. खणखणल्या. मी चार पोती भरली, चारांत चार लाल खुंट्या टाकल्या, सुतळीने शिवली आणि टेम्पोत चढवली. मावशी नळावर हाताचं रक्त धूत होती. तिने पाहिलं नाही.

रात्री तिने विचारलं, माल ठेवलास ना? मी हो म्हणाले.

मग नवरात्र बसलं. शेठ नऊ दिवस अनवाणी, उपाशी, भुशात पाय रुतवत फिरायचा. खंडेनवमीला आमच्याकडे मशीन चालत नाही. पाती पुसून तेल लावतात, करवतीला हळद-कुंकू, मोटरीला झेंडूची माळ, फर्मासुद्धा पाटावर. मावशी पूजेला हात लावत नसे, पण पेढा घ्यायला यायची. तिची संध्याकाळची गाडी होती नागपूरची. पांढरं लुगडं घडी करून पिशवीत, पिशवी खांद्याला, ती सगळ्यांची थट्टा सहन करत दाराशी बसली होती: कौसाबाई, या साली कुणाला धरून आणता? एक आणली तिनेच शेड डोक्यावर घेतली.

टेम्पो आला तेव्हा उदबत्त्या अर्ध्यावर जळल्या होत्या. ठेकेदाराचा भाऊ उतरला, बरोबर दोन माणसं. त्याच्या हातात बाकाचा पाय होता. बाक शाळेत उतरवताना हातातच सुटले होते, सगळ्यांचे सांधे ढिले, साहेबाने माल फाटकातून परत लावला होता. हे त्याने पूजेच्या पाटावरचा नारळ लाथेने उडवत सांगितलं. शेठ हात जोडत पुढे गेला तर त्याने शेठच्या तोंडात मारली. अनवाणी माणूस मार खाताना फार केविलवाणा दिसतो. शेठची पावलं जमीन धरू बघत होती आणि भुसा सरकत होता. एकाने झेंडूच्या माळा तोडल्या. एकाने पिंप लाथ मारून आडवं केलं.

आणि मग त्यांनी टेम्पोतून उरलेलं अर्धं पोतं आणलं आणि फरशीवर ओतलं.

मशीन बंद होती, म्हणून तो आवाज मी पुरता ऐकला. इतकं सुंदर खणखणलेलं हेदू मी पुन्हा ऐकलं नाही. आता त्या खुंट्या खरंच वाळल्या होत्या, आतपर्यंत, आणि वाळून बारीक झाल्या होत्या. ठेकेदाराच्या भावाने पाटावरचा फर्मा उचलला आणि एकेक खुंटी भोकातून सोडून दाखवली. सुळकन. सुळकन. सुळकन.

शेठ ओठाचं रक्त पुसत म्हणाला, “माल बाया पास करतात. पोत्यात खूण असते. शोधा.”

मी हात पदराखाली घेतले. मावशी मात्र उठली. मी शोधते म्हणाली, आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी, तांदूळ निवडावे तशी ती खुंट्या पसरू लागली. मला ती लाल खुंटी दिसली. तिच्या उजव्या हाताशी, दोन बोटांवर. मावशीने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. त्या एका नजरेत तिने ते ऊन, तो हॉर्न, रात्रीचं माझं ‘हो’, सगळं वाचलं असणार. तिला खोकला आला. तिने मूठ तोंडाशी नेली. मूठ खाली आली तेव्हा रिकामी होती.

खूण सापडेना. त्यांनी पोतं उलटं झटकलं. मग ठेकेदाराचा भाऊ मावशीपुढे उभा राहिला आणि कुणाचं पोतं म्हणून विचारू लागला. ती बोलली नाही. तिला बोलता येणार नव्हतं. म्हातारी मस्ती करते म्हणून त्याने पुन्हा विचारलं, तिने मान खाली घातली, आणि त्याने हातातला बाकाचा पाय तिच्या गालावर घातला.

काडकन आवाज झाला. ओंडक्याचं तोंड उकलावं तसा.

ती कोसळली नाही. एक हात फरशीवर टेकून तशीच बसून राहिली, ओठ घट्ट मिटलेले. त्या मिटलेल्या ओठांतून रक्त हनुवटीवर आलं आणि खुंट्यांवर ठिबकलं. दोन-चार खुंट्या लाल झाल्या. मी तिथे उभी होते. पाच पावलांवर. माझी दहा बोटं पदराखाली एकमेकांत गुंतलेली. ‘माझं पोतं’ एवढे दोन शब्द होते. ते बोलले असते तर वहीतल्या पत्त्यावर कार्ड गेलं असतं, आणि चूल मला दिसत होती. मी बोलले नाही.

रक्त बघून ती माणसं जराशी थंडावली. शेठने माल बदलून द्यायचं कबूल केलं. ते गेल्यावर तो मावशीकडे न बघता म्हणाला की खूण टाकायची विसरायला कौसाबाईचंच वय झालंय. उद्यापासून येऊ नका.

बसथांब्यापर्यंत मी तिच्यामागून गेले. पदराने तिने तोंड गुंडाळलं होतं. तिथे तिने पदर बाजूला करून तळहातावर थुंकी टाकली: लाल खुंटी, आणि दोन दात. दात तिने गटारात टाकले. खुंटी पुसून माझ्या जळक्या तळव्यावर ठेवली आणि मूठ मिटवली. मी रडत होते, काहीबाही बोलत होते, आत्ता जाऊन सांगते म्हणत होते. तिने मान हलवली. सुजलेल्या तोंडातून शब्द नीट येत नव्हते.

“रडू नको. खोली तुझी. भादव्याचा माल दोनदा ऐकत जा, मंदे.”

त्याच तोंडाने ती नागपूरच्या गाडीत बसली. परतली नाही, थेट नांदगावला मुलीकडे गेली. पुढे मी दोनदा तिला भेटून आले. दोन्ही वेळा तिने मला जेवायला घातलं आणि स्वतः भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. त्या दिवसाबद्दल ती बोलली नाही, मीही नाही.

नवरा पुन्हा आला नाही. दोन वर्षांनी तो विहिरीत पडून गेल्याचं कळलं, आणि मला काही वाटलं नाही. आज मी माल पास करणाऱ्यांत सगळ्यात जुनी आहे. शेठ मला मंदाबाई म्हणतो. मला आता कसली भीती? तरी आहे. ती लाकडातल्या ओलीसारखी आहे, वरून कुणाला कळत नाही. आणि ह्या शेडमध्ये एक बोलणं पडून गेलंय. कुणाचा माल कच्चा निघाला की शेठ म्हणतो, हा कौसाबाईचा माल. ज्यांनी तिला पाहिलंही नाही त्या पोरीसुद्धा म्हणतात. परवा एक नवीन पोरगी उन्हातली पाटी आणून फरशीवर ओतायला लागली, तर दुसरी तिला टोचून म्हणाली, “थांब गं, कौसाबाई होशील.” मी समोर बसले होते. मी नुसतं एवढं म्हणाले की रात्रभर ठेवा, उद्या ऐकू.

उद्या ऐकू. अकरा वर्षं मी हेच म्हणत आलेय.

ती खुंटी माझ्याजवळ आहे. कुंकू केव्हाच गेलं, एका बाजूला दातांच्या खुणा आहेत, इतक्या खोल की नखाने चाचपता येतात. आज दुपारी मी ती फरशीवर सोडून पाहिली. खणखणली. काही शंका नाही, आतपर्यंत वाळलीय.

मावशी, तुझे दात, तुझं काम, तुझी खोली, यातलं काही मला फेडता यायचं नाही. पण तुझं नाव मी इथे टाकून दिलंय, ते उचलीन. खंडेनवमीला मशीन बंद असतात, सगळे जमलेले असतात, पिंपाचा आवाज नसतो. त्या दिवशी पाटावरच्या फर्म्याशेजारी ही खुंटी ठेवीन आणि शेठसमोर, पोरींसमोर ते दोन शब्द बोलेन. या साली नाही जमलं तर पुढच्या साली, पण बोलेन. मग संध्याकाळच्या गाडीने नांदगावला येईन, आणि तुझ्या हातचं पाणी तुझ्यासमोर, तुझ्याकडे बघत पिईन.